सुट्टे

शुक्रवार पेठेत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर
आमचे सात पट.
खाली चक्की सुरू झाली की
सोंगट्या जागच्या जागी थरथरतात
आणि ज्वारीचं पीठ काळ्या घरांवर
आधी दिसतं.

मी कंडक्टर. कात्रज ते शिवाजीनगर.
दिवसभर रुपयाला रुपया जुळवायचा,
रात्री डेपोत पाच रुपये कमी भरले
तर ते माझ्या खिशातले.
म्हणून असेल कदाचित, मंगळवारी सुट्टीला
मी उधळतो.

राजापुढचं प्यादं दोन घरं. समोरचंही तेवढंच.
मग वजिरापुढचं ढकलतो: घ्या.
उंटापुढचं एकच घर: हेही घ्या.
दुसऱ्या बाजूचा उंट बाहेर काढतो,
घोड्यापुढचं उघडं टाकून: राहिलंय कशाला, तेही.
याला डॅनिश गॅम्बिट म्हणतात.
डेन्मार्क कुठल्या स्टॉपला येतं, मला माहीत नाही.
एवढं माहीत आहे की या गावात
फुकट दिलेलं कुणी परत करत नाही.

तीन प्यादी जातात, एक मिळतं,
आणि माझे दोन उंट तिरके उभे राहतात,
एक तांबट आळीच्या तोंडाशी, एक बोहरी आळीच्या.
दोन्ही गल्ल्या निघतात राजाच्या दारात.

बँकेतले शेवडे. उंटानं शह दिला,
खूश होऊन चहा मागवला.
चहा येईपर्यंत त्यांच्या कोपऱ्यातला
हत्ती नव्हता.
कॉलेजातला बारटक्के प्यादी मोजत बसला,
राजा मोजायचा राहिला.
मी कुणाला हसलो नाही. तिकीट फाडावं तसा
डाव फाडून हातात दिला.

परवा समोर नसरीन मोमीन.
बारा वर्षांची. गंज पेठेतून वडिलांच्या स्कूटरवर येते.
डावखुरी आहे; खेळी लिहिताना हात शाईवरून सरकतो
आणि करंगळीची कड निळी होते.
तिनं पहिलं घेतलं. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं.
वर बघितलंसुद्धा नाही.
मी मनात म्हटलं, बस भरली, आता घंटी.

तर तिनं आपलं वजिरापुढचं प्यादं
दोन घरं पुढे ठेवलं. फुकट.
मला!
मी उंटानं खाल्लं. तिचा घोडा बाहेर आला.
आणि मला दिसलं. शप्पथ सांगतो,
बत्तीस घरांवरचं पीठ एकदम उडाल्यासारखं दिसलं:
उंट राजाच्या अंगावर टाकला, शह.
राजानं खाल्ला.
मग माझा वजीर सरळ रेषेत वर,
तिच्या वजिराला उचलून मी
माझ्या ग्लासाशेजारी ठेवला.
शेवडे मागे उभे होते, त्यांचा श्वास ऐकू आला.

नसरीननं नाक पुसलं.
उंट काढला, तिरका नेऊन ठेवला. "शह."
हळूच.
आणि उंट जिथून उठला तिथे एक रिकामी वाट,
त्या वाटेच्या टोकाला तिचा हत्ती
सकाळपासून बसल्यासारखा
माझ्या वजिराकडे बघत.

मी वजीर मधे घातला. दुसरं काय करणार.
तिनं घेतला. मी उंट घेतला.
मग दोघांनी पटाबाहेरचं मोजलं:
तीन प्यादी, एक उंट, एक वजीर.
तिच्याकडे तेवढंच, माझ्याकडे तेवढंच.
एक पैसा इकडे नाही, तिकडे नाही.

"सुट्टे बरोबर आहेत का, काका?"
हे ती बोलली की मला वाटलं, सांगता येत नाही.

खाली गिरणी थांबली. सोंगट्या स्थिर.
तिची तीन प्यादी एका कडेला मोकळी,
माझी चार दुसऱ्या कडेला. मधे मैदान.
इथपर्यंतचं तिला पाठ होतं, मलाही.
खेळी तिची.
तिनं वही मिटली,
निळी करंगळी हनुवटीखाली घेतली
आणि पहिल्यांदाच
विचार करायला लागली.